खेळविश्वांचे पुनरुज्जीवन

भूमिकाखेळाच्या (खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतात अशा खेळाच्या) जुन्या नियमावलीसाठी रचलेले काल्पनिक जग नव्या नियमावलीत खेळता यावे म्हणून केलेली त्याची फेरमांडणी. हा प्रकार मुख्यतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन खेळाभोवती वाढला. त्याची मूळ प्रकाशक टीएसआर ही विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथील कंपनी. १९८० ते १९९५ या काळात तिने ग्रेहॉक, ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, स्पेलजॅमर, डार्क सन, प्लेनस्केप अशी एकामागून एक जगे पेट्यांमधून आणि पुस्तकांतून बाजारात आणली. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली. पुढे २०००, २००८ आणि २०१४ मध्ये (तिसरी, चौथी आणि पाचवी आवृत्ती) नियम मुळापासून बदलले, तर २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीची सुधारित पुस्तके आली. प्रत्येक वेळी जुन्या जगांचे नकाशे, राजे आणि राक्षस तसेच राहिले, पण ती खेळण्याचा हिशेब कालबाह्य झाला.

या कामातली आकडेमोड सोपी असते. टीएसआरच्या काळातील दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा अंक जितका कमी तितके संरक्षण जास्त असे, आणि फटका लागला की नाही हे ‘थॅको’ नावाच्या उलट्या वजाबाकीने ठरे. तिसऱ्या आवृत्तीने ही दिशा सुलटी केली. जुना अंक वीसमधून वजा केला की नवा मिळतो, म्हणजे जुन्या पुस्तकातला ३ आज १७ होतो. खरी अडचण येते ती नियमच त्या जगाचा स्वभाव घडवत असतील तेव्हा. याचे सर्वांत बोलके उदाहरण डार्क सन.

१९९१ साली आलेल्या डार्क सनमधला अथास हा ग्रह जादूने जाळून टाकलेले वाळवंट आहे. लोखंड जवळजवळ नाही; तलवारी हाडाच्या, दगडाच्या, लाकडाच्या, आणि त्या ऐन लढाईत मोडतात. देव नाहीत. टिर, उरिक, बॅलिक अशा नगरराज्यांवर जादूगार राजांची हुकमत, आणि हाफलिंग हे बुटके लोक माणसांना खातात. ब्रॉम या चित्रकाराची करडी, भाजलेली चित्रे या जगाच्या लोकप्रियतेत नियमांइतकीच वाटेकरी आहेत. खेळाडूंची पात्रे इतर जगांपेक्षा दणकट, सुरुवातच तिसऱ्या पातळीवर (पातळी म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी). तरीही प्रत्येकाने चार पात्रांचा संच तयार ठेवायचा, कारण हाताशी असलेले पात्र मरणार हे गृहीतच होते.

या जगात जादू वनस्पतींच्या जीवनशक्तीवर चालते. प्रिझर्व्हर जपून शक्ती घेतो, तर डिफायलर आजूबाजूच्या जमिनीची राख करतो. मूळ नियमांत या दोघांना पातळी चढण्यासाठी लागणाऱ्या गुणांचे तक्ते वेगळे होते, आणि डिफायलर भराभर चढे. पापाची बक्षिशी थेट तक्त्यात छापलेली! तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारांना) एकच तक्ता दिला आणि हे आमिष एका फटक्यात नाहीसे झाले. या आवृत्तीसाठी विझर्ड्सने स्वतः डार्क सनचे पुस्तक काढलेच नाही. ‘ड्रॅगन’ मासिकाने २००४ मध्ये काही मजकूर दिला, आणि अधिकृत मान्यता मिळालेल्या चाहत्यांच्या गटाने आपली स्वतंत्र रूपांतरे रचली. तक्त्यातून गेलेले आमिष परत कुठून आणायचे, हा प्रश्न या सगळ्यांपुढे होता.

चौथ्या आवृत्तीने २०१० मध्ये त्याचे जे उत्तर दिले ते या लेखकाच्या मते आजवरचे सर्वांत हुशार आहे. आपला मोठा मंत्र वाया जातोय असे दिसले की जादूगाराने फासा पुन्हा टाकायचा, पण त्याची इजा जवळ उभ्या असलेल्या स्वतःच्या साथीदारांना व्हायची. मोह परत आला, आणि त्याची किंमत टेबलाभोवती बसलेले मित्र मोजू लागले. शस्त्र मोडण्याचा नियमही असाच फिरवला. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर फेरटाक करायची मुभा मिळाली, मात्र शस्त्र मोडण्याची जोखीम घेऊन. आधी जी निव्वळ शिक्षा होती ती खेळाडूची निवड झाली. शिवाय चौथ्या आवृत्तीचे गणित पात्रांकडे ठरावीक जादुई हत्यारे असतील असे धरून चाले. लोखंडच नसलेल्या जगात ती आणायची कुठून? म्हणून ते बळ पात्राच्या अंगी उपजतच मिळवून देणारा पर्यायी नियम कामी आला.

पाचव्या आवृत्तीत डार्क सन अडले. तिथे पहिल्याच पातळीवरचा ‘गुडबेरी’ हा मंत्र दहा बोरे देतो आणि एक बोर माणसाला दिवसभर पुरते. असे जादूगार सोबत असताना वाळवंटात भुकेची भीती कोणाला? अथासवर जवळपास प्रत्येकाच्या अंगी असणाऱ्या मनःशक्तींचेही घोडे अडले. ‘मिस्टिक’ हा वर्ग काही वर्षे चाचणीत राहून सोडून दिला गेला, आणि २०२० मध्ये त्या शक्ती तुकड्यातुकड्यांनी इतर वर्गांच्या उपशाखांत आल्या. त्यातच हे जग आज अनेक बाबतींत अडचणीचे ठरते, असे कंपनीच्या वतीने २०२३ मध्ये बोलले गेले.

नियमांइतकाच पेच कालक्रमाचा असतो. अथासवरच्या कादंबरीमालेत टिरचा राजा कलाक मारला गेला आणि पुढे साऱ्या अथासवर दहशत असलेल्या खुद्द ड्रॅगनचाही निकाल लागला. १९९५ च्या सुधारित पेटीने हे सारे घडून गेल्याचे धरले, आणि खेळाडूंच्या वाट्याला दुसऱ्यांनी संपवलेले पराक्रम आले. २०१० मध्ये घड्याळ मागे फिरवून कलाकच्या मृत्यूनंतरच्या अस्थिर दिवसांवर आणले गेले. रेव्हनलॉफ्ट या भयकथांच्या जगाने वेगळी वाट धरली. १९८३ च्या मूळ साहसकथेतला किल्ला २०१६ मध्ये फारसा न हलवता विस्तारला, पण २०२१ च्या पुस्तकाने जुने सलग भूभाग तोडून धुक्यात तरंगणारी सुटी राज्ये केली, काही राज्यकर्ते बदलले आणि युरोपातील रोमा लोकांच्या साचेबंद प्रतिमेवर बेतलेल्या व्हिस्तानींचे चित्रण दुरुस्त केले.

घाईचे उदाहरण म्हणजे स्पेलजॅमर. १९८९ साली जेफ ग्रब यांनी अंतराळात शिडाची जहाजे सोडली होती. २०२२ च्या संचात तीन पातळ पुस्तके होती आणि जहाजांच्या लढाईचे नियम इतके त्रोटक की अनेकांनी जुन्या पेट्या पुन्हा उघडल्या. त्यातील हॅडोझी या माकडासारख्या वंशाच्या वर्णनात वर्णद्वेषाची छटा असल्याची टीका झाल्यावर प्रकाशकांनी माफी मागून मजकूर बदलला.

गुडमन गेम्स या दुसऱ्या प्रकाशकाने २०१८ पासून जुन्या साहसकथांची मूळ पाने जशीच्या तशी छापून त्याच पुस्तकात पाचव्या आवृत्तीचे रूपांतर देण्याची पद्धत रूढ केली. अभ्यासूंना ती सर्वांत सोयीची, कारण नेमके काय बदलले ते समोरच दिसते. विझर्ड्सने जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले, पण त्यातून जुन्या जगांचा हक्क मिळत नाही. नियम कोणीही वापरून छापावेत. अथास, टिर किंवा कलाक ही नावे मात्र कंपनीचीच राहतात.