नत्र तोफेला की शेताला?

२ जुलै १९०९. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या एका प्रयोगशाळेत फ्रिट्झ हाबर आणि त्याचा सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी टेबलावर मावेल एवढं एक यंत्र चालू केलं. आत हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब, पाच-सहाशे अंश तापमान आणि ऑस्मियम या दुर्मिळ धातूचा उत्प्रेरक. एका बाजूने नायट्रोजन आणि हायड्रोजन आत जात होते, दुसऱ्या बाजूने द्रवरूप अमोनिया थेंब थेंब पडत होता. तासाला जेमतेम सव्वाशे मिलिलिटर. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीची माणसं बघायला आली होती. आदल्या दिवशी यंत्राचा एक भाग तुटला, तेव्हा कंपनीचा इंजिनियर कार्ल बॉश परत गेला. कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ अल्विन मिटाश मात्र थांबला, आणि ते थेंब त्याने डोळ्यांनी पाहिले.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट आपण सारायेव्होच्या गोळीपासून सांगतो. पण ते युद्ध चार वर्षं कसं काय लांबलं आणि शेवटी जर्मनी कशाने कोसळला, हे समजून घ्यायला मला कायम या थेंबांपाशी यावं लागतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे आपल्या मराठी शेतीच्या भाषेतलं नत्र. पीक या नत्राच्या समुद्रात उभं असतं आणि तरी नत्राशिवाय पिवळं पडतं. कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की वनस्पतीला ते सुटत नाहीत. वीज कडाडली की थोडे सुटतात. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू ते सोडवतात, म्हणून तर हरभऱ्याचा बेवड चांगला मानतात.

आता याच बंधाची दुसरी बाजू बघा. जो बंध तोडायला प्रचंड ऊर्जा लागते, तो जुळताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. टीएनटी, नायट्रोग्लिसरीन, बंदुकीच्या गोळीमागची धूरविरहित दारू, या सगळ्यांत नायट्रोजनचे अणू ऑक्सिजनबरोबर अवघडून बसवलेले असतात. ठिणगी पडली की ते सुटतात आणि पुन्हा आपल्या जोडीदाराला बिलगतात. क्षणार्धात घनपदार्थाचा तापलेला वायू होतो, तोच स्फोट. खत आणि स्फोटक यांचं नातं इतकं जवळचं असण्याचं कारण हे एवढंच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधलेलं नत्र जगाला मुख्यतः एका ठिकाणाहून मिळे: चिलीमधल्या अटाकामा वाळवंटातून. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून पाण्यात सहज विरघळणारा सोडियम नायट्रेट, म्हणजे चिलीचा सोरा, जमिनीत टिकून राहिला. त्यासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया १८७९ पासून एक अख्खं युद्ध लढले होते. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या भाषणात बजावलं की सोरा संपेल आणि गहू कमी पडेल, तेव्हा हवेतलं नत्र बांधायला शिका. हाबरच्या टेबलावर नेमकं तेच घडलं होतं. सोऱ्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता जर्मनी.

थेंबांचा कारखाना करण्याचं काम बॉशकडे आलं, आणि माझ्या मते या कथेतलं सगळ्यात विलक्षण अभियांत्रिकीचं पान हेच आहे. ऑस्मियम जगात मूठभर होतं, म्हणून मिटाशने हजारो पदार्थ तपासले आणि स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजापर्यंत पोचला. त्यात थोडी अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश मिसळली की साधं लोखंड उत्तम उत्प्रेरक बनतं. पण भट्टीची नळकांडीच फुटायला लागली. जाड पोलादाची नळी काही दिवस चालायची आणि मग फाटायची. बॉशने फुटलेलं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा कळलं की तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातलं कार्बन खातो आहे. कार्बन गेलं की पोलादाची ताकद गेली. बॉशने आत मऊ, कार्बन जवळजवळ नसलेल्या लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन दाब न साठवता भोकांतून निघून जाई. भक्कम नळीला मुद्दाम भोकं पाडण्याचं धाडस! सप्टेंबर १९१३ मध्ये ऱ्हाईनकाठी ओपाऊचा कारखाना सुरू झाला. खतासाठी.

अकरा महिन्यांनी युद्ध पेटलं. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला, २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, आणि करारांच्या साखळीने ४ ऑगस्टपर्यंत रशिया, जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन त्यात ओढले गेले. फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचं, असा जर्मन सेनापतींचा हिशेब होता. दारूगोळ्याचा साठाही त्याच हिशेबाने होता. सप्टेंबरमध्ये मार्न नदीवर तो हिशेब चुकला, सैन्यं खंदकांत शिरली आणि तोफा महिनोन्महिने धडधडत राहिल्या. ब्रिटिश आरमाराने समुद्र बंद केला. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलला जर्मन ताफ्याने ब्रिटिशांना हरवलं, पण ८ डिसेंबरला फॉकलंड बेटांजवळ तोच ताफा बुडाला. सोऱ्याची वाट संपली.

इथे युद्ध थांबू शकलं असतं. सोरा नाही तर नायट्रिक आम्ल नाही, नायट्रिक आम्ल नाही तर स्फोटकं नाहीत. वाल्टर राथेनाऊ या उद्योगपतीने ऑगस्टमध्येच युद्धखात्यात कच्च्या मालाचा विभाग उभा केला होता. बॉशने सरकारला शब्द दिला की ओपाऊचा अमोनिया आपण नायट्रेटमध्ये बदलून दाखवू. रसायन माहीत होतं: विल्हेल्म ऑस्टवाल्डने १९०२ मध्ये तापलेल्या प्लॅटिनमवरून अमोनिया आणि हवा सोडून नायट्रिक आम्ल करण्याचं पेटंट घेतलं होतं. कारखान्याच्या मापात ते बसवणं बाकी होतं. मे १९१५ मध्ये तेही झालं. पुढे विमानांच्या टप्प्यापासून दूर, लॉयना इथे त्याहून मोठा कारखाना उभा राहिला आणि १९१७ मध्ये चालू झाला. जर्मनीला आता चिलीची गरज नव्हती, हवा पुरेशी होती.

हाबर तोवर आघाडीवर गेला होता. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी पाच हजारांवर नळकांड्यांतून दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडला, ती तयारी हाबरच्या देखरेखीखाली झाली होती. हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंच खंदकांत उतरला. चारच दिवसांनी त्या आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरली आणि तिच्या शिपायांनाही मुखवट्यांविना गॅस झेलावा लागला. २ मेच्या पहाटे हाबरची पत्नी क्लारा इमरवार हिने स्वतःला गोळी घालून घेतली. ती स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर होती. तिच्या मनात काय होतं यावर इतिहासकार अजून वाद घालतात, पण मला ती तारीख वाचून पुढे सरकता येत नाही.

नत्र मिळालं म्हणून युद्ध चालू राहिलं. सॉमच्या लढाईआधी आठवडाभरात ब्रिटिशांनी पंधरा लाखांवर गोळे झाडले आणि १ जुलै १९१६ या एका दिवशी त्यांचेच ५७,४७० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. दोन्हीकडे असेच आकडे साचत गेले.

आता शेताकडे येऊ. कारखान्यातून निघणारा अमोनिया एकच होता. तो तोफेला गेला की शेताला उरत नसे. जर्मनीच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी हलक्या, वालुकामय. वरखताशिवाय पीक न देणाऱ्या. त्यात १९१५ मध्ये तज्ज्ञांनी हिशेब मांडला की डुकरं माणसांचे बटाटे आणि धान्य खातात. सरकारने लाखो डुकरं कापवली. मांस काही आठवडे मुबलक झालं, मग बाजारातून गायब झालं, आणि डुकरांबरोबर त्यांचं शेणखतही गेलं. म्हणजे नत्राची आणखी एक वाट बंद. घोडे आघाडीवर, गडी आघाडीवर.

१९१६ चा पावसाळी उन्हाळा आला आणि बटाट्यावर करपा पडला. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यावर काय फवारायचं ते सांगावं लागणार नाही: मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं तोफगोळ्यांसाठी राखून ठेवलेलं. बटाट्याचं पीक आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आलं. त्या हिवाळ्यात लोकांनी जनावरांचं सलगम खाल्लं. सलगमाचा पाव, सलगमाचा मुरंबा, भाजून दळलेल्या सलगमाची कॉफी. शहरांतलं रेशन माणशी दिवसाला हजार उष्मांकांच्या आसपास घसरलं. जर्मन लोक आजही १९१६-१७ ला ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणतात. नाकेबंदीच्या काळात भूक आणि तिने ओढून आणलेले आजार यांनी तिथे किती नागरिक गेले, याचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत आहेत.

भुकेपुढे शस्त्र खाली ठेवण्याची वेळ आपल्याकडच्या पलटणींवरही आली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं होतं, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळी डिव्हिजन शरण गेली. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत हजारो शिपाई मेले.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, रशिया क्रांतीत बुडाला आणि मार्च १९१८ मध्ये तह करून बाहेर पडला. पूर्वेकडून मोकळं झालेलं सैन्य घेऊन जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने २१ मार्चला शेवटचा डाव टाकला. पहिल्या पाच तासांत दहा लाखांवर गोळे पडले; तोफांना नत्राची टंचाई अजूनही नव्हती. जर्मन सैनिक मैलोन्मैल पुढे गेले, आणि मग ठिकठिकाणी थांबले. ब्रिटिशांची कोठारं त्यांच्या हाती लागली होती. पांढरा पाव, डबाबंद मांस, लोणी, दारू. साडेतीन वर्षं नाकेबंदी सोसलेली ही माणसं, अधिकारी ओरडत असताना, तिथेच बसून खाऊ लागली. शत्रूही उपाशी आहे, असं त्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं हे त्यांना त्या कोठारांत दिसलं.

त्याच सुमारास खंदकांत इन्फ्लुएन्झा शिरला. तो सगळ्यांनाच गाठत होता, पण अर्धपोटी सैन्याला बदली माणूस मिळेना. युद्धाच्या बोटींवरूनच तो मुंबईत आला. जूनमध्ये काही पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात आले, आणि सप्टेंबरमध्ये दुसरी, जीवघेणी लाट उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी मुंबई इलाख्यात पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली, म्हणजे महायुद्धाच्या सगळ्या आघाड्यांवर मिळून मेलेल्या सैनिकांहून जास्त.

८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समध्ये आमियाँजवळ दोस्त राष्ट्रांनी प्रतिहल्ला केला. हजारो जर्मन सैनिकांनी हात वर केले, आणि लुडेनडॉर्फने तो जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटला. मग एकेक मित्र गळाला: २९ सप्टेंबरला बल्गेरिया, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तान, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया. कील बंदरात खलाशांनी बंड केलं, ९ नोव्हेंबरला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार झाला. ११ नोव्हेंबरच्या पहाटे पाचनंतर कोंपियेन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून.

त्या क्षणाची एक नोंद फिल्मवर आहे. शत्रूची तोफ कुठे आहे ते आवाजावरून हुडकण्याची पद्धत ब्रिटिश बाजूला तरुण भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगने बसवली होती: आघाडीवर मायक्रोफोनची रांग, आणि तोफेचा आवाज प्रत्येकापाशी किती उशिराने पोचला त्यावरून गणित. मोझेल नदीजवळच्या अमेरिकी आघाडीवर अशाच सहा मायक्रोफोनच्या सहा रेषा उमटत होत्या. अकराला एक मिनिट असताना त्या सहाही रेषा वेड्यावाकड्या थरथरतात. अकरा वाजून एका मिनिटाने त्या जवळजवळ सरळ आहेत.

नाकेबंदी मात्र उठली नाही. शस्त्रसंधीच्या २६ व्या कलमाने ती चालू ठेवली. जर्मनीत अन्नाची पहिली जहाजं मार्च १९१९ मध्ये पोचली, आणि व्हर्सायचा तह २८ जूनला होऊन गेल्यावर जुलैत नाकेबंदी संपली. तोफा थांबल्यावर आठ महिने. त्याच वर्षी हाबरला १९१८ चं नोबेल जाहीर झालं, हवेतून अमोनिया केल्याबद्दल, आणि फ्रेंच-ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्याच प्रक्रियेवर उगवतं. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातून निघणारा युरियाही त्याच प्रक्रियेतला.

ओपाऊ आता पुन्हा खत बनवू लागला होता. अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचं मिश्रण कोठीत साठवलं की दगडासारखं आवळून बसे, आणि कुदळीला दाद देत नसे. मग कामगार त्यात भोकं पाडून डायनामाइटच्या छोट्या कांड्या उडवत आणि ढिगारा मोकळा करत. हजारो वेळा असं केलं होतं, काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी साडेसातला, तिकडच्या गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर, अशीच एक कांडी उडाली आणि तिच्यामागोमाग साडेचार हजार टनांच्या साठ्याचा काही भाग उडाला. पाचशेहून जास्त माणसं मेली. आवाज तीनशे किलोमीटरवर म्युनिकला ऐकू गेला. कोठी होती तिथे शंभर मीटरहून लांब आणि जवळपास वीस मीटर खोल खड्डा पडला.