दाताच्या खुर्चीआधीचे प्रतिजैविक: एंडोकार्डायटिसच्या एका वादाची पार्श्वभूमी

हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदललेल्या रुग्णाची दाढ काढायची असेल, तर अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम घ्यायला सांगतात. हेतू एवढाच की तोंडातून रक्तात शिरलेल्या जंतूंमुळे एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपांचा आणि आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग, होऊ नये. दोन ग्रॅम, एकदाच, विषय संपला. पण हा डोस नेमका कोणाला द्यायचा, यावरून गेल्या दोन दशकांत जेवढी भांडणे झाली, तेवढी एंडोकार्डायटिसच्या प्रत्यक्ष उपचारावरूनही झाली नसतील.

उपचाराची गोष्ट त्या मानाने लवकर आटोपते. पेनिसिलिन येण्याआधी हा आजार झालेला रुग्ण सहसा वाचत नसे. सल्फा औषधांनीही फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोजूनमापून वाटले जात होते. सुरुवातीचे प्रयोग फसल्यामुळे अमेरिकेतल्या वाटप समितीने हा आजार यादीतून वगळला होता. खरे म्हणजे औषध चुकीचे नव्हते, डोस तोकडा होता. झडपेवर फायब्रिन आणि प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या गाठी साचतात, त्यात जंतू दाटीने आणि सुस्त पडून असतात. पांढऱ्या पेशी तिथपर्यंत नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे जंतूंची वाढ नुसती रोखून भागत नाही, त्यांना मारावे लागते, तेही कित्येक आठवडे. १९४४ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका डॉक्टरांनी मोठे डोस देऊन सलग सात रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले आणि समितीचा निर्णय निरर्थक ठरला. त्यांनी सोबत दिलेले हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध पुढे मागे पडले, कारण त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती होती. मोठा डोस आणि लांबलचक मुदत मात्र टिकली.

प्रतिबंधाचा धागा वेगळा आहे. दात काढल्यावर तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू थोडा वेळ रक्तात सापडतात, हे लंडनमध्ये १९३५ मध्ये दाखवले गेले. त्यावरून तर्क सरळ होता: जंतू रक्तात शिरण्याआधीच औषध हजर ठेवा. १९५५ मध्ये अमेरिकेत पहिली अधिकृत शिफारस आली. नंतर दर काही वर्षांनी ती आटोपशीर होत गेली. १९९० मध्ये आधी तीन ग्रॅम आणि सहा तासांनी दीड ग्रॅम असे सांगितले जाई. १९९७ मध्ये दुसरा डोस गेला आणि पहिला दोन ग्रॅमवर आला. पण या साऱ्या काळात औषध दिलेले आणि न दिलेले अशा रुग्णांची थेट तुलना करणारी चाचणी झालीच नाही. सगळा डोलारा तर्क, प्राण्यांवरचे प्रयोग आणि सवय यांवर उभा होता.

२००७ मध्ये अमेरिकेने हे औषध कोणाला द्यायचे याची यादी एकदम छाटली. युक्तिवाद बिनतोड होता: ब्रश करताना, जेवण चावतानाही जंतू रक्तात जातातच आणि वर्षभराचा हिशेब केला तर एका दाढेपेक्षा हा रोजचा शिरकाव कितीतरी मोठा. मग कृत्रिम झडप, आधी होऊन गेलेला एंडोकार्डायटिस, काही जन्मजात दोष आणि प्रत्यारोपित हृदयातली बिघडलेली झडप एवढ्यांनाच औषध उरले. मार्च २००८ मध्ये ब्रिटन त्याहूनही पुढे गेले: कोणालाच नको. कृत्रिम झडप असली तरी नको.

इथे माझे मत लपवत नाही. पुरावा नाही म्हणून एखादा उपचार सुरू न करणे वेगळे आणि पुरावा नाही म्हणून पन्नास वर्षे चाललेला उपचार सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांचाही एका फटक्यात काढून घेणे वेगळे. इंग्लंडमध्ये अशा चिठ्ठ्या महिन्याला सुमारे १०,९०० वरून २,२३६ वर आल्या. २०१३ पर्यंत आधीच्या कलापेक्षा महिन्याला एंडोकार्डायटिसचे साधारण ३५ रुग्ण जास्त दिसू लागले. हे आकडे जाहीर झाल्यावर गदारोळ झाला. आता या वाढीला इतर कारणेही असू शकतात, हे मान्य. वयस्क रुग्ण वाढले, पेसमेकर वाढले, आणि ही वाढ कमी धोक्याच्या गटातही दिसली. पण निर्णय घेताना मागितलेला काटेकोर पुरावा तो निर्णय निस्तरताना मात्र कोणी मागितला नाही. २०१५ मध्ये फेरविचार होऊन शिफारस तशीच राहिली. २०१६ मध्ये तिच्यात ‘सरसकट’ अशा अर्थाचा एक शब्द घातला गेला, म्हणजे सरसकट देऊ नका. डॉक्टरांना हवी तशी पळवाट मिळाली, धोरण मात्र बदललेच नाही, असे म्हणायची सोय राहिली. युरोपने २०२३ मध्ये जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी शिफारस उलट आणखी ठाम केली.

या सगळ्या याद्या ज्या देशांत झाल्या, तिथे ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झालेले रुग्ण फार उरलेले नव्हते. आपल्याकडे ते अजून भरपूर आहेत, आणि २००७ च्या छाटणीत नेमके तेच बाहेर पडले. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये तिथल्या मूळनिवासी समाजातल्या अशा रुग्णांना यादीत ठेवले. आपल्याकडचे अनेक डॉक्टरही यादीकडे काणाडोळा करून प्रतिजैविक लिहून देत राहिले. मला त्यात काही गैर वाटत नाही.

या रुग्णांच्या बाबतीत एक घोळ नेहमीचा आहे. दर २१ दिवसांनी कमरेत घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून असते. दाढ काढताना झडपेचे रक्षण त्याने होत नाही. उलट वर्षानुवर्षे पेनिसिलिन घेतलेल्यांच्या तोंडातले जंतू त्याला दाद न देणारे असू शकतात, म्हणून त्यांना वेगळ्या गटातले औषध द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी क्लिंडामायसिन असे. २०२१ मध्ये अमेरिकेने तेही वगळले, कारण त्याच्या एका डोसानेही आतड्याचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. राहिले डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन. त्यातले ॲझिथ्रोमायसिन तर आपल्याकडे साधा घसा धरला तरी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय काढून देतो.