भिंतीत मुरलेला धूर

भाड्याचं घर दाखवताना मालक हमखास सांगतात, ‘नुकताच रंग काढलाय.’ पण आधीचं बिऱ्हाड घरात सिगारेट ओढणारं असेल, तर रंगाने डाग झाकले जातात, निकोटीन जात नाही. हा चिकट पदार्थ धुरासोबत भिंतींवर, पडद्यांत, गाद्यांत बसतो आणि पुढे महिनोन्महिने थोडाथोडा हवेत परतत राहतो.

अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या गेऑर्ग मॅट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमकी अशी घरं तपासली. धूम्रपान करणारे सोडून गेलेले, घरं दोन महिने रिकामी राहिलेली, साफसफाई होऊन नवे भाडेकरू आलेले. तरीही धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन होतंच. नव्याने राहायला आलेल्या, स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते सापडलं. मला यात सर्वात जास्त काळजी वाटते ती रांगणाऱ्या बाळांची. त्यांचे हात सतत फरशीवर असतात आणि तेच हात तोंडात जातात.

हा थर नुसता बसूनही राहत नाही. गॅसच्या शेगडीतून आणि वाहनांच्या धुरातून नायट्रस आम्ल हवेत येतं. निकोटीनची त्याच्याशी अभिक्रिया होऊन नायट्रोसॅमाइन वर्गातली रसायनं तयार होतात, हे अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. यातली काही कर्करोगकारक आहेत. म्हणजे सिगारेट विझल्यावरही घरात नवं विष तयार होऊ शकतं.

‘खिडकी उघडून ओढा’ ही सवलत म्हणूनच पुरत नाही. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. दाराखालच्या फटीतून, पाइपांच्या भोवतीच्या भोकांतून, सामाईक डक्टमधून ते शेजारच्या फ्लॅटमध्ये पोचतात. खोल्या वेगळ्या ठेवून किंवा हवा खेळती ठेवून हा धोका पूर्ण टळत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सल्ला देणाऱ्या तिथल्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं आहे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेल्या कायद्याने घरमालकाचा धूम्रपानबंदीचा अधिकार स्पष्ट केला. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते: बंदी घालायची, तर ती नेमकी कुठे लागू आहे हे नव्या करारात लिहावं लागतं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींत घराच्या आत आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत सिगारेट ओढायला मनाई झाली.

आपल्याकडचा २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतो. भाड्याच्या फ्लॅटचा दिवाणखाना त्यात येत नाही. त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार करतानाच घर, बाल्कनी आणि गच्ची यांचा नावानिशी उल्लेख करून घ्यावा. आणि भाडेकरूनेही सही करण्याआधी सरळ विचारावं, ‘आधीचे लोक घरात सिगारेट ओढायचे का?’