पार्श्वभूमी: वाटणी झाली, घड्याळ सामाईक राहिलं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट थांबली आणि रत्नागिरी-चिपळूणकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत एक जुनी मागणी परत ऐकू यायला लागली: "आहे ती विंडोज राहू दे, बाजूला लिनक्स मारून द्या." (लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम.) विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर तिच्या यादीतच नाहीत. चालता पीसी भंगारात कोण देईल? पण एका डिस्कवर दोन सिस्टिम नांदवायची ही खटपट, म्हणजे ड्युअल बूट, आपल्याकडे लिनक्सच्या आधीपासूनची आहे, आणि मी पाहिली तिथे तिचं कारण मराठी फॉन्ट हे होतं.

२००३च्या सुमारास मी कुडाळला एका छापखान्यात डीटीपी करायचो. लग्नपत्रिका, दशावतारी नाटकांची हँडबिलं, पतपेढ्यांचे अहवाल. फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात खोचलेल्या लॉकवर चालायचं. विंडोज ९८वर ते निमूट चाले, एक्सपीवर लॉक सापडत नाही म्हणून अडून बसे. नव्या स्कॅनरला मात्र एक्सपीच हवी. मागच्या सगळ्या वर्षांचा मजकूर त्या फॉन्टच्या खासगी जुळणीत होता. फॉन्ट बदलला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा. युनिकोड देवनागरी मंगल फॉन्टसकट विंडोज २०००पासून आलेली होती, पण पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरला ती कळत नव्हती. मग दोन्ही विंडोज ठेवायच्या. आधी जुनी, मग नवी, हा क्रम पाठ. सी ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीत, कारण ९८ला एनटीएफएस ही नवी मांडणी दिसतच नाही. पीसी चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी आणि ३० सेकंदांची उलटी मोजणी, तेवढ्यात मालक चहा सांगून यायचे. आम्ही त्याला 'डबल विंडो' म्हणायचो. 'ड्युअल बूट' हा शब्द ओएस/टू ही जुनी सिस्टिम वापरणाऱ्यांत आधीपासून होता, पण वेगळ्या अर्थाने: डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टिम) आणि ओएस/टू एकाच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एकाच हिश्श्यावर, ठेवून कमांडने अदलाबदल करायची. चालू करताना मेन्यूतून निवड करण्याला तिथे 'बूट मॅनेजर' म्हणत. आज आपण ज्याला ड्युअल बूट म्हणतो ते खरं म्हणजे हे दुसरं.

मुळाशी जायचं तर १९८३च्या डॉस २.०पर्यंत जावं लागतं. हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट: त्यातले ४४६ बूट कोडला, म्हणजे सिस्टिम उठवणाऱ्या लोडरला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, २ खुणेला. तक्त्यात नावं चारच बसतात. पाचवा हिस्सेदार आला की एक एक्स्टेंडेड पार्टिशन धरून त्यात पोटहिस्से पाडायचे. कोकणात हे समजावून सांगावं लागत नाही, सातबारा वाचता येणाऱ्याला पार्टिशन टेबल येतंच. वाटणीवरून भांडण फारसं झालंही नाही. भांडण झालं ते त्या ४४६ बाइटांवरून. घराचं दार एकच, आणि शेवटी आलेला आपलं कुलूप लावणार. विंडोजचा इन्स्टॉलर तिथे न विचारता आपला कोड लिहायचा. लिनक्सचा लोडर, आधी लिलो आणि मग ग्रब, शेजाऱ्याचं नाव निदान आपल्या मेन्यूत घालायचा. लिलोची खोड अशी की कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आणि स्वतःच्या दुसऱ्या टप्प्याची फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे ते तो टिपून ठेवी. ही दुसरी फाइल हलली आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला की पडद्यावर त्याच्या नावाची पहिली दोनच अक्षरं उमटून पीसी थिजायचा.

उबुंटूच्या सीडी २०११पर्यंत टपालाने फुकट यायच्या. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन वाडीत आला की अर्धी वाडी विचारायची, "दुबईहून काय आलं?" सीडी चालवून बघणं सोपं होतं, पण पार्टिशन लहान करताना लाईट गेली तर दोन्ही सिस्टिमना मुकावं लागायचं, आणि तेव्हाचं लोडशेडिंग कुणाचं वेळापत्रक पाळत नव्हतं. २००८ साली वुबी आलं तेव्हा म्हणून हायसं वाटलं: पार्टिशन पाडायचंच नाही, लिनक्स विंडोजच्या आत एका मोठ्या फाइलमध्ये राहणार. मेन्यू तोच, भीती कमी. पण एकावर एक दोन फाइल सिस्टिम बसलेल्या, त्यामुळे अचानक वीज गेल्याचा फटका त्याला जास्तच बसायचा. पाच वर्षांत वुबी बंद झालं.

आता घड्याळ.

हर्णे बंदरावर मासळी खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्यांच्या बिलाच्या पीसीवर २०१४ साली मी लिनक्स टाकून दिलं, पुतण्याच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी. दुकानात नेट नव्हतं. पहिल्या रात्री दहा वाजता पुतण्या लिनक्समध्ये गेला तर घड्याळात पहाटेचे साडेतीन. त्याने ते हाताने मागे आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी लिलावाचं पहिलं बिल निघालं, त्यावर वेळ छापली सकाळी ११:४०. काकांनी विंडोजचं घड्याळ नीट केलं. रात्री पुतण्याला पुन्हा पहाट दिसली. तीन दिवस काका-पुतणे न बोलता एकमेकांचं घड्याळ दुरुस्त करत होते. चौथ्या दिवशी पहाटे पावणेपाचला बर्फाचं बिल फाडलं ते आदल्या दिवशीच्या तारखेत पडलं, आणि मला फोन आला: "अहो सर, आजचा बर्फ मी काल रात्री कसा काय विकला?" चूक माझी होती. लिनक्स बसवताना 'हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) आहे का' असं इन्स्टॉलरने विचारलं होतं आणि मी न वाचता 'हो' ठोकलं होतं.

मदरबोर्डवर नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ एकच असतं. ते फक्त आकडे धरून बसतं. ते आकडे कुठल्या गावचे हे त्यात लिहिलेलं नसतं. १९८१च्या पहिल्या पीसीत असं घड्याळ नव्हतंच, डॉस दर वेळी तारीख-वेळ विचारायचं. १९८४च्या एटी मॉडेलपासून ते बोर्डवरच आलं. डॉसला टाइम झोन ही गोष्टच ठाऊक नसल्याने माणसाने भिंतीवरचं घड्याळ बघून जे भरलं तेच त्यात राहिलं. युनिक्सची परंपरा उलटी: आत सगळीकडे ग्रीनिचची वेळ मोजायची आणि दाखवताना गावानुसार फिरवायची. लिनक्सने ती उचलली. विंडोजने मात्र स्थानिक वेळच चालू ठेवली. त्याची दोन कारणं मायक्रोसॉफ्टमधल्याच एका अभियंत्याने २००४ साली लिहिली होती: जुन्या विंडोजशी जुळतं राहावं, आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डोकावणाऱ्याला परकी वेळ बघून धक्का बसू नये. तेव्हा ठीक. शेजारी विंडोज ९५ नांदत असलेल्या पीसीला ते लागू होतं. ते कारण सरल्यावरही रीत तशीच ठेवली, हे मला हटवादी वाटतं. लिनक्सवाल्यांचाही तोरा काही कमी नाही. घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायची सोय ते देतात, पण ती लावली की घड्याळाची सेटिंग दाखवणाऱ्या कमांडखाली 'ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही' असा इशारा छापतात.

उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांत हा घोळ वर्षातून दोनदा वर येतो, कारण दोन्ही सिस्टिम आपापला तास सरकवतात आणि एकाचे दोन होतात. आपल्याकडे ती भानगड नाही, त्यामुळे फरक बारा महिने तोच: ५ तास ३० मिनिटं. एका अर्थी सोय. कुणी म्हणालं 'घड्याळ साडेपाच तास मागे', की पीसी न उघडता निदान करता येतं. मागे असेल तर विंडोज, पुढे असेल तर लिनक्स. (दोन वेळांचा तंटा आपल्याला नवा नाही. भारतीय प्रमाण वेळ १९०६ला लागू झाली तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटं मागची आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती.)

उपाय दोन. लिनक्सला एका ओळीच्या कमांडने स्थानिक वेळेवर आणणं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद करून तिला यूटीसी वाचायला लावणं. ही दुसरी नोंद एनटीच्या काळापासून होती, पण जुन्या आवृत्त्यांत ती नीट पाळली जायची नाही, म्हणून दुकानांत पहिलाच उपाय रुळला. हर्ण्याला मीही तोच केला.

२०१२पासून भांडणाची जागा बदलली. विंडोज ८ने दोन गोष्टी आणल्या. एक फास्ट स्टार्टअप: बंद केलेली विंडोज खरी बंद होत नाही, अर्धी झोपते, आणि लिनक्सला डी ड्राइव्ह फक्त वाचायला मिळतो. ग्राहकाला वाटतं डिस्क गेली. दुसरी सिक्युअर बूट. ४४६ बाइटांची ओढाताण तिथे संपली, कारण बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये प्रत्येक सिस्टिमचा लोडर एका सामाईक पार्टिशनवर आपापल्या फोल्डरात राहतो. पण दारावर सही तपासणारा बसला, आणि पीसीवर चालणारी सही बहुतेक ठिकाणी विंडोजवाल्यांचीच. लिनक्सवाल्यांत यावरून दोन तट पडले. एक म्हणे सही घेऊ नका, दुसरा म्हणे घ्या आणि पुढे चला. दुसऱ्याचं चाललं: शिम नावाचा छोटा लोडर सही करून घेतो आणि मग ग्रबला आत सोडतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, सदोष शिमना बाद केलं. ड्युअल बूटच्या पीसींना ती लागू होणार नाही असं जाहीर केलेलं होतं, तरी अनेकांवर लागली. लिनक्स निवडलं की 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि पीसी बंद. ते पूर्ण निस्तरायला मे २०२५ उजाडला.

आता दुकानदार एका डिस्कवर वाटण्या करायला फारसे राजी नसतात. लिनक्ससाठी वेगळी छोटी एसएसडी लावतात आणि चालू करताना एफ१२ किंवा एफ८ दाबायला शिकवतात. सह्यांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. २०११ साली निघालेल्या ज्या प्रमाणपत्रावर शिमची सही चालते त्याची मुदत जून २०२६ची आहे. आधी सही झालेले लोडर त्यानंतरही चालतात, पण पुढच्या सह्या २०२३च्या प्रमाणपत्राखाली, आणि ते जुन्या पीसीच्या फर्मवेअरमध्ये आधी पोचावं लागतं. २०१२च्या आधीच्या बहुतेक पीसींना ही कटकट नाही, त्यांना तपासणारा दारवानच नाही. आमच्याकडे असे उरलेत थोडेच. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत त्यांच्या रॅमच्या पट्ट्या काळ्या पडतात. पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी एखादा पीसी 'चालूच होत नाही' म्हणून येतो, मग पट्टी काढून शाळेच्या खोडरबराने घासायची, परत बसवायची आणि घड्याळ लावून द्यायचं.