गर्भावस्थेतील अपस्मारविरोधी औषधे व बालकाचा मेंदूविकास

अपस्मार (फिट, फेफरे, मिरगी) असलेल्या स्त्रीने गरोदरपणी घेतलेली औषधे वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतात. शारीरिक व्यंग बहुधा जन्मतःच दिसते. भाषा, लक्ष व वर्तन यांतील उणीव मात्र मूल बोलू लागल्यावर किंवा शाळेत गेल्यावर कळते. त्यामुळे या अंगाचा अभ्यास मागाहून झाला.

सर्वाधिक चर्चा व्हॅल्प्रोएट या अपस्मारविरोधी औषधाची आहे. त्याचे मूळ अम्ल १८८२ मध्ये तयार झाले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये ते केवळ द्रावक म्हणून वापरले जात असता त्याचा झटकेरोधी गुण योगायोगाने ध्यानात आला. १९८२ मध्ये ल्यों येथून दुभंगलेल्या कण्याशी त्याचा संबंध कळवला गेला आणि १९८४ मध्ये ‘गर्भीय व्हॅल्प्रोएट लक्षणसमूहा’चे वर्णन झाले.

मुलाची बुद्धी औषधाने मंदावते, की आईच्या आजाराने, झटक्यांनी वा आनुवंशिकतेने, हा वाद दीर्घकाळ चालला. अमेरिका व ब्रिटनमधील ‘नीड’ अभ्यासात आईचा बुद्ध्यंक, औषधाची मात्रा इ. घटक हिशेबात घेऊन वेगवेगळी अपस्मारविरोधी औषधे घेणाऱ्या मातांच्या मुलांची तुलना केली गेली. सहाव्या वर्षी सरासरी बुद्ध्यंक व्हॅल्प्रोएट गटात ९७, कार्बामाझेपीन गटात १०५, तर लॅमोट्रिजीन व फेनिटॉइन गटांत १०८ आढळला (२०१३). मात्रेबरोबर घट वाढते, हे औषधाच्याच बाजूने जाणारे लक्षण होय. त्याच वर्षीच्या डेन्मार्कमधील नोंदींत व्हॅल्प्रोएट व स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध दिसला. या औषधापुरता वाद संपला असे मानण्यास हरकत नाही.

टोपिरामेट या दुसऱ्या औषधाबाबत तसे म्हणता येत नाही. नॉर्डिक देशांच्या २०२२ मधील विश्लेषणात स्वमग्नता व बौद्धिक अक्षमतेचा धोका वाढलेला आढळला. २०२४ मधील अमेरिकी विश्लेषणात आठव्या वर्षापर्यंत स्वमग्नतेचे प्रमाण औषध न घेतलेल्या अपस्मारी मातांच्या मुलांत ४.२%, लॅमोट्रिजीन गटात ४.१%, टोपिरामेट गटात ६.२% व व्हॅल्प्रोएट गटात १०.५% होते, इतर घटक वजा करता टोपिरामेटचा फरक उरला नाही, व्हॅल्प्रोएटचा उरला. तथापि दुभंगलेला ओठ व कमी जन्मवजन यांचा धोका असल्याने टोपिरामेट गरोदरपणी पहिल्या पसंतीचे नाहीच.

औषध अचानक बंद करणे धोक्याचे असते. मोठ्या झटक्यात आई व गर्भ दोघांच्या जिवावर बेतू शकते. बदल गर्भधारणेपूर्वी व्हावा, कारण मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवशीच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो. लग्न जमवताना फिटचा आजार लपवून ठेवला असेल, तर सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात आणि ही संधी हुकते. (वधू-वरांना अपस्मार नसावा ही हिंदू विवाह कायद्यातील अट १९९९ मध्येच वगळली गेली.)

अपस्मारी स्त्रियांच्या गरोदरपणाची भारतातील प्रमुख नोंदणी १९९८ पासून केरळमध्ये, तिरुवनंतपुरम येथे चालते. पुण्यातील एका अभ्यासाचाही येथे संबंध येतो, तो फॉलिक अम्ल या जीवनसत्त्वामुळे. अपस्मारी स्त्रियांना ते बहुधा ५ मिग्रॅ. मात्रेत देतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या, परिसरातील खेड्यांमध्ये १९९३ पासून चाललेल्या मातृपोषण अभ्यासात मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळली. ते कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी काही बौद्धिक चाचण्यांत मागे होती (२००८). हे काम अपस्मारी मातांवरचे नव्हे. तरी शाकाहारी घरातील गरोदर स्त्रीला नुसते फॉलिक अम्ल लिहून देताना ते आठवावे.

लॅमोट्रिजीनची रक्तातील पातळी गरोदरपणी बरीच घटते, म्हणून गोळ्या वाढवतात. प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत पातळी पुन्हा चढते. पुण्यात नाव घातलेली मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली, की वाढीव मात्रेचा जुना कागदच पुढे चालू राहण्याचा संभव असतो. एकाचे दोन दिसणे, तोल जाणे ही औषध जास्त झाल्याची लक्षणे मग बाळंतपणाचा अशक्तपणा समजली जातात. स्तनपान सहसा थांबवावे लागत नाही; ‘नीड’मधील स्तनपान मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी सरासरी चार गुणांनी अधिक होता (२०१४).