उपवासाचे पदार्थ आले कुठून?

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी वाण्याकडे साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा आणि वरीचे तांदूळ यांची खरेदी होते, तेव्हा हे पदार्थ एकादशीच्या व्रताइतकेच जुने असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या पिशवीतील वरी तेवढी इथली जुनी रहिवासी आहे. बाकीचे तिन्ही पदार्थ ज्या वनस्पतींपासून मिळतात, त्यांची मूळ भूमी अमेरिका खंड आहे. भाजीवाल्याकडून आणलेले बटाटे, रताळी आणि हिरव्या मिरच्या यांचीही तीच. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हा पंढरीच्या वाटेवर एकादशी पाळणाऱ्या कोणालाही बटाटा, मिरची किंवा भुईमूग ठाऊक असणे शक्य नव्हते. कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला तो १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले १५१० मध्ये. आजच्या उपवासाच्या ताटाचा इतिहास या तीन घटनांनंतर सुरू होतो.

मग त्याआधी लोक काय खात असत? व्रताचा नियम मुख्यतः धान्य वर्ज्य करणारा होता; कंद, मुळे, फळे, दूध, दही आणि तूप चालत असे. नांगरट न करता उगवणारे, म्हणजे ज्यात बैलाचे श्रम नाहीत असे, अन्न पवित्र मानण्याचीही जुनी धारणा आहे आणि ऋषिपंचमीच्या भाजीत ती आजही जिवंत आहे. वरीला उपवासात स्थान मिळाले ते याच धारणेमुळे असावे, असे मला वाटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर वरी हे गवतवर्गातील अस्सल धान्य आहे, आणि काटेकोर नियमाने ते वर्ज्यच ठरावे; परंतु तिच्या जवळच्या नात्यातील सावा, म्हणजे संस्कृतातील श्यामाक, हे फार पूर्वीपासून मुनींचे अन्न समजले जाई. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतलेने वाढवलेले हरिणाचे पाडस श्यामाकाच्या मुठी खाऊन मोठे झालेले आहे. विदर्भ-मराठवाड्यात जिला भगर म्हणतात, ती ही वरी, शिंगाडा, सुरण, काकडी, जिरे आणि सैंधव एवढे पदार्थ मात्र निःसंशय जुन्या ताटातले आहेत.

त्या जुन्या ताटात तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता. पोर्तुगीज मलबारच्या किनाऱ्यावर आले तेच मिरीच्या व्यापारासाठी, आणि त्यांच्याच गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठीने तिला नाव दिले तेही मिरीवरूनच. मिरीची वेल विशिष्ट दमट हवामानातच वाढते, मिरची मात्र कोणाच्याही परसात लागते. त्यामुळे स्वयंपाकघरातील मिरीची जागा तिने झपाट्याने घेतली आणि उपवासाचे पदार्थही त्याला अपवाद राहिले नाहीत.

बटाट्याच्या नावामागे एक मोठा गोंधळ दडलेला आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बटाटा’वरून मराठीत आला आणि पोर्तुगीजांकडे तो कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतून गेला, पण ताईनो लोक ज्या कंदाला हे नाव देत, तो बटाटा नव्हता, ते रताळे होते. खरा बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांतला असून तेथील क्वेचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. युरोपीय लोकांनी दोन्ही कंदांना मिळतीजुळती नावे दिली, आणि म्हणूनच सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांच्या भारतवर्णनांत हा शब्द दिसला, तरी त्यांच्या पानात बटाटा पडला होता की रताळे, हे खात्रीने ठरवता येत नाही. उपवासाला आपण बटाट्याचा कीस आणि रताळ्याचा कीस शेजारी शेजारी वाढतो, तेव्हा एकाच नावाचे मूळ मालक आणि नवे मालक एका पानात आलेले असतात.

बटाट्याचा खरा प्रसार इंग्रजी अमलात, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात झाला. महाबळेश्वरला त्या काळी पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून पाठवलेले चिनी कैदी ठेवलेले असत आणि तेथील बटाट्याच्या व भाजीपाल्याच्या लागवडीत त्यांच्या मेहनतीचा मोठा वाटा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर चिनी कैद्यांनी पिकवलेला अँडीजमधील कंद मराठी घरांत उपवासाला चालू लागला, ही गोष्ट माझ्या मते आपल्या खाद्येतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे.

भुईमुगाने तर नियमालाच वळसा घातला. मूग, तूर, हरभरा ही कडधान्ये उपवासाला वर्ज्य असतात, पण भुईमूग हाही त्याच शेंगावर्गातील आहे आणि त्याच्या नावातच ‘मूग’ आहे. दक्षिण अमेरिकेतून निघालेले हे पीक भारतात एकाहून अधिक वाटांनी आले असावे, कारण बंगालीत त्याला ‘चिनी बदाम’ म्हणतात आणि तमिळमधील एका नावात फिलिपिन्सच्या मनिला शहराचा उल्लेख आहे. शेंग जमिनीखाली धरते, म्हणून लोकांनी त्याला कडधान्यांत न धरता कंदमुळांच्या बाजूला ठेवले असावे. निदान आज दाण्याचे कूट आणि दाण्याची आमटी यांच्याशिवाय महाराष्ट्रातील उपवास पुरा होत नाही.

राजगिऱ्याची कथा मात्र केवळ प्रवासाची नाही. दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा मूळचा अमेरिकेतला, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोकांत त्याला ‘हुआउत्ली’ म्हणत. मांडलिक प्रदेशांकडून खंडणी म्हणून तो गोळा केला जाई. सणांच्या वेळी त्याच्या पिठात गोड पाक मिसळून देवांच्या मूर्ती घडवल्या जात आणि पूजेनंतर त्या मोडून भाविकांना खायला वाटल्या जात. १५२१ मध्ये त्यांची राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडल्यावर ख्रिस्ती धर्मोपदेशकांना या प्रसादात आपल्या पवित्र भाकरीचे विडंबन दिसले आणि त्यांनी हे विधी मोडून काढले. त्याबरोबर तेथील राजगिऱ्याची शेतीही आक्रसली. तरीही फुलवलेला राजगिरा मधात किंवा उसाच्या गुळासारख्या साखरेत थापून केलेली ‘आलेग्रिया’ नावाची वडी मेक्सिकोत आजही विकली जाते, आणि ती आपल्या राजगिऱ्याच्या वडीसारखीच दिसते. ज्या दाण्याला त्याच्या जन्मभूमीत देवाच्या नावाने खाण्याची बंदी झाली, तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला व्रताचे अन्न म्हणून स्वीकारला गेला, आणि या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

सीताफळ आणि रामफळ ही उपवासाची फळेही नावे पुराणांतली असून अमेरिकेतून आलेली आहेत. पपई आणि अननस यांचेही मूळ तेच.

राहिला साबुदाणा, आणि या ताटात सर्वांत उशिरा आलेला तोच आहे. मूळ साबुदाणा मलाया व इंडोनेशियाच्या बेटांवरील सागू नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातील पिठापासून होत असे आणि एकोणिसाव्या शतकात तो आजाऱ्यांना पचायला हलके अन्न म्हणून परदेशातून येई. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशिया व्यापल्यावर ही आयात थांबली. दक्षिण अमेरिकेतील कसावा हा कंद त्याआधीच केरळात रुजला होता. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरवर राज्य करणाऱ्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले होते. १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे माणिक्कम चेट्टियार यांनी या कंदाच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू केला. कंद सोलून वाटायचा, त्याचे दूध हौदात निवळू द्यायचे, तळाशी बसलेले ओलसर पीठ झोळीत हलवून त्याच्या गोळ्या करायच्या, त्या चाळून गरम तव्यावर शेकायच्या आणि उन्हात वाळवायच्या, अशी ही रीत आहे. सेलमच्या उत्पादकांची सहकारी संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली, आणि तेथील मालाचा फार मोठा गिऱ्हाईक आजही महाराष्ट्र आहे. काही घरांत मात्र साबुदाणा अजूनही उपवासाला चालत नाही. तिथे एकादशीला भगर आणि ताकच असते.