निर्वासितांविषयी जाणीव कार्यक्रम : ठाणे परिसर

युद्ध, छळ किंवा फाळणीसारखी उलथापालथ यांमुळे घर सोडावे लागलेल्या माणसांचे अनुभव इतरांपर्यंत पोचावेत म्हणून वस्ती, शाळा, वाचनालय किंवा देवस्थान यांच्या पुढाकाराने होणारे सार्वजनिक कार्यक्रम. अनुभवकथन, जुन्या वस्तूंचे व कागदपत्रांचे प्रदर्शन, वस्तीतला फेरफटका, वाचन, नाट्यप्रवेश, एकत्र जेवण ही त्यांची नेहमीची रूपे. ठाणे जिल्ह्यात या कार्यक्रमांना वेगळे वजन आहे. फाळणीनंतरच्या देशातल्या मोठ्या निर्वासित छावण्यांपैकी एक इथे, कल्याणजवळ, होती. आणि खुद्द ठाणे शहरात रुळांच्या पूर्वेला सिंधी कुटुंबांची कोपरी कॉलनी वसली. इथे अनुभव सांगायला उभी राहणारी आजी बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या शेजारच्या इमारतीतलीच असते.

शब्दांविषयी

मराठी बोलण्यात निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित आणि प्रकल्पग्रस्त हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याची सार्थ भीती असल्यामुळे आपल्या देशाबाहेर असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित. भारताने या करारावर किंवा १९६७च्या त्याच्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १९९०पासून काश्मीर खोरे सोडावे लागलेले पंडित देशातच राहिले. म्हणून ते देशांतर्गत विस्थापित ठरतात. नवी मुंबईत 'विस्थापन' म्हटले की आधी आठवतात त्या नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने घेतलेल्या जमिनी आणि जानेवारी १९८४मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने मेलेले पाच जण. त्यांचा स्मृतिदिन दरवर्षी पाळला जातो. ही दुःखे एका मापाने मोजण्याची गरज नाही, पण प्रत्येकाचे कारण आणि हक्क वेगळे आहेत. चांगला संयोजक कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच हा फरक दोन वाक्यांत सांगून टाकतो.

सिंधमधून आलेल्या पिढीला 'शरणार्थी' हा शब्द बोचत असे. आम्ही कुणाच्या पायाशी शरण आलो नाही, कष्ट करून उभे राहिलो, असे म्हणत त्यांनी स्वतःसाठी 'पुरुषार्थी' हा शब्द धरला. निमंत्रणपत्रिका छापताना हे लक्षात ठेवावे.

पार्श्वभूमी

पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. सिंध प्रांत मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. पंजाबी आणि बंगाली निर्वासिताला सीमेच्या अलीकडे आपली भाषा बोलणारा प्रदेश सापडला, सिंधी माणसाला तो सापडला नाही. ठाण्यातल्या सगळ्या कार्यक्रमांचे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

सिंधमध्ये पंजाबइतका रक्तपात झाला नाही. १९४७च्या ऑगस्टनंतरही अनेक हिंदू कुटुंबे तिथेच थांबली होती. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल उसळली आणि धीर सुटला. लोक जहाजाने मुंबईला आणि गुजरातच्या बंदरांवर उतरले, काही रेल्वेने राजस्थानमार्गे आले. मुंबई प्रांत सरकारने त्यांची सोय कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या छावणीत केली. लाखाच्या आसपास माणसे तिथल्या लांबलचक बॅरॅकींमध्ये राहिली. एकेका बॅरॅकीत अनेक कुटुंबे, मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा साडी. १९४८च्या मुंबई निर्वासित कायद्याने नाव नोंदवणे सक्तीचे केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून छावणीचे उल्हासनगर झाले. तिथे आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार', 'बॅरॅक नंबर अमुक' असाच सांगतात. बॅरॅकीच्या जागी सात मजले उभे राहिले तरी नंबर टिकून आहे.

गावाकडची जमीन, दुकान, हवेली यांचे 'क्लेम', म्हणजे भरपाईचे दावे, भरणे हा त्या काळातला मोठा उद्योग. १९५४च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याखाली काहींना भरपाई मिळाली. ज्यांच्याकडे तिथेही काही नव्हते त्यांच्याकडे दाखवायला कागदही नव्हता. मुले लोकलमध्ये गोळ्या, पेन्सिली, कंगवे विकत. बायका पापड लाटत. स्थानिक दुकानदारांशी खटके उडाले, कारण हे लोक कमी नफ्यावर माल काढत. हा कडवटपणा दोन्ही बाजूंना होता आणि कार्यक्रमांत तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातली आणखी एक जागा इथे नोंदवण्यासारखी आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, राहत होते. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले. निर्वासितांची रिकामी घरे पुढच्या निर्वासितांना मिळाली.

वर्षातले दिवस

जागतिक निर्वासित दिन २० जूनला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव डिसेंबर २०००मध्ये केला आणि २००१पासून तो पाळला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास, १९९८पासून, निर्वासित सप्ताह साजरा होतो; गाणी, स्वयंपाक आणि खेळ यांतून ओळख करून देण्याची पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे जूनमध्ये शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, पाऊसही सुरू झालेला असतो. म्हणून बंदिस्त सभागृहातले छोटे कार्यक्रमच त्या दिवशी जमतात.

केंद्र सरकारने २०२१मध्ये १४ ऑगस्ट हा विभाजन विभीषिका स्मृती दिन जाहीर केला. त्यानिमित्त रेल्वे स्थानके आणि महाविद्यालये अशा ठिकाणी छायाचित्रांची प्रदर्शने लागतात. त्यांतली बरीच चित्रे पंजाबची असतात : माणसांनी लगडलेल्या आगगाड्या, बैलगाड्यांचे तांडे. कोपरीच्या किंवा उल्हासनगरच्या शाळेत हीच चित्रे लावली की मुलांना वाटते, आपल्या पणजोबांचेही असेच झाले. पणजोबा तर कराची बंदरातून बोटीने आले होते. सिंधी वृद्धांच्या आठवणींत लुटलेली दुकाने आहेत, तसेच बंदरापर्यंत सोडायला आलेले, घराची किल्ली सांभाळायला घेणारे मुस्लिम शेजारीही आहेत. दोन्ही सांगितले तरच ते सिंधचे ठरते.

या दोन तारखांपेक्षा समाजाच्या स्वतःच्या तारखा अधिक जिवंत आहेत. गुढीपाडव्याच्या पाठोपाठ, चैत्र शुद्ध द्वितीयेला, चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष आणि झूलेलाल या सिंधी समाजाच्या दैवताची जयंती, येतो आणि 'आयोलाल झूलेलाल'च्या गजरात बहराणा साहेबाची, म्हणजे दिवा व नैवेद्य ठेवलेल्या पूजेच्या ताटाची, मिरवणूक निघते. पावसाळ्यात चालिहो, म्हणजे झूलेलालांचे चाळीस दिवसांचे व्रत, सुरू होते. १० एप्रिल हा सिंधी भाषा दिन. १९६७मध्ये त्या दिवशी सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ठाण्यात पाडव्याच्या स्वागतयात्रा निघतात आणि दुसऱ्या दिवशी चेटीचंडची मिरवणूक, हे शेजारपण संयोजकांनी आजवर म्हणावे तितके वापरलेले नाही.

कार्यक्रम कसा बसवतात

वस्तूंपासून सुरुवात केलेली सर्वांत बरी. पितळेचा लोटा, रेशनकार्ड, नोंदणीचा दाखला, कराचीच्या शाळेचे प्रमाणपत्र, कुलूप नसलेली किल्ली. वस्तू पुढे ठेवली की सांगणाऱ्याला 'तुम्हाला काय वाटले' असे विचारावे लागत नाही, तो वस्तूचे सांगतो आणि बाकीचे आपोआप येते. मुलांसाठी एक साधा खेळ करता येतो : पाच मिनिटांत घरातल्या कोणत्या पाच वस्तू बरोबर घेशील, त्या कागदावर लिही. जवळजवळ सगळी मुले मोबाइल लिहितात. आजी-आजोबांच्या यादीत मग जन्मदाखला, लोणच्याची बरणी, देव्हाऱ्यातली मूर्ती दिसली की वर्गात शांतता पसरते.

पत्रांचा प्रश्न वेगळा आहे. सिंधमधून आलेल्या पिढीची सिंधी अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांच्या लिपीत लिहिलेली आहे. भारतात देवनागरीही चालू झाली. सिंधीतल्या चार खास ध्वनींसाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ देतात. पुढे मुले मराठी, हिंदी आणि इंग्रजी शाळांत गेली. परिणाम असा की कपाटातले आजोबांचे पत्र नातवाला वाचता येत नाही. म्हणून अरबी सिंधी वाचणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला बोलावून घरोघरची पत्रे मोठ्याने वाचून घेणे आणि मराठीत तिथल्या तिथे अर्थ सांगणे, हा प्रकार करून पाहण्यासारखा आहे. त्याला खर्च काही नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचे. व्याख्यानाला बसण्याची सवय या शहराला जुनी आहे.

जेवणही असावे, पण शेवटी. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. दाल-पकवान, कोकी, सेयल फुलके हे पदार्थ आता ठाण्यात सगळ्यांना माहीत आहेत, पण उरलेल्या पोळ्या कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात परतून पुन्हा एका वेळचे जेवण करणाऱ्या सेयल फुलक्यांमागची काटकसर सांगितल्याशिवाय ते ताट नुसती चव म्हणून खाल्ले जाते.

आजचे निर्वासित

जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांची संख्या २०२४च्या अखेरीस १२ कोटी ३२ लाख होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे मोजमाप आहे. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७०च्या दशकापासून आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे आहेत. उल्हासनगरात आजही पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेली हिंदू सिंधी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी हा इतिहास नव्हे, रोजचे कागद आहेत.

व्यासपीठावर अशा माणसाला बोलावताना फाळणीच्या पिढीला लावलेले नियम चालत नाहीत. पंचाण्णव वर्षांच्या आजीचे नाव आणि फोटो वर्तमानपत्रात आले तर घरचे कात्रण जपतात; ज्याचा व्हिसा अजून कचेरीत अडकला आहे, किंवा ज्याचे भाऊ-बहीण अजून तिकडे आहेत, त्याच्यासाठी तोच फोटो धोका होतो. नाव न घेता, दुसऱ्याने वाचून दाखवलेले लेखी कथन हा अशा वेळी योग्य मार्ग. चित्रीकरणाची परवानगी तोंडी घेऊन भागत नाही, ती त्याच्या भाषेत लिहून घ्यावी आणि मागे घेण्याची मुभा द्यावी. रडू आले तर ध्वनिक्षेपक बंद करून पाणी द्यावे. प्रश्नोत्तरे पुढे ढकलावीत. १९९६मध्ये पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क परकीयांनाही आहे असे स्पष्ट केले. सभागृहातून 'मग यांना परत का पाठवत नाहीत' असा प्रश्न येतो, तेव्हा सूत्रसंचालकाला हा निकाल माहीत असायला हवा.

नोंद ठेवणे

१९४७मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. कोपरी आणि उल्हासनगरमध्ये ही माणसे दर महिन्याला कमी होत आहेत. ध्वनिमुद्रण करताना सिंधीतच बोलू द्यावे, मराठी नंतर करता येते. कराचीचे घर कसे होते हे सगळे विचारतात. कल्याणच्या छावणीत पहिल्या पावसात छप्पर कुठे गळत होते, पहिली मराठी ओळ कुणाकडून शिकलात, पहिला पगार किती आणि कशावर खर्च झाला, हे सहसा कुणी विचारत नाही.